मामाला काही होतं का?

मोनाली: दहावीच्या वर्षी तू दवाखान्यात होतास, ते कशानं? एवढंच सांग दादा. बाकीचं मला काही नको.

विश्वजीत: आता हे मधीच कुठनं काढलं? कावीळ झालती मला.

मोनाली: मधीच न्हाई काढलं. डॉक्टरांनी काल विचारलं, बाळाच्या मामाला काही होतं का म्हणून.

विश्वजीत: बाळ कसंय ते तरी आधी सांग की.

मोनाली: बाळ बरं हाय. रक्त चढवल्यावर रंग आला त्याला. सकाळपास्नं दूध नीट पितंय, उद्या-परवा सोडतील. आता तू बोल.

(कासुर्डी, मोनालीचे वडील हौसराव, म्हणजे आबा, यांच्या घराची पडवी, भर दुपार. मोनाली शिरूरच्या हॉस्पिटलातून एसटीनं थेट माहेरी आली आहे आणि तिनं अजून चपलाही काढलेल्या नाहीत. दोन महिन्यांचं लेकरू नवऱ्याच्या आणि नर्सच्या भरवशावर टाकून बाई माहेर गाठते, तेव्हा ती काही चहाला आलेली नसते. भाऊ विश्वजीत कुरकुंभच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला, नुकताच झोपेतून उठवलेला. आई सुलक्षणा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकते आहे आणि ऐकू न आल्यासारखं करते आहे.)

आई: अगं, आधी हातपाय तर धू. एवढ्या उन्हाची आलीस. दोन भाकरी टाकते, पिठलं करते पटकन.

मोनाली: पिठलं ऱ्हाऊ दे. तूच सांग आई. दादाला तवा कावीळ कशानं झालती?

आई: कशानं म्हंजी? होती एकेकाला. पाणी खराब आलं असंल.

मोनाली: तेच पाणी आपण सगळेच पीत होतो की. आन् मला का गं केंदूरला मावशीकडं नेऊन ठिवलं होतंस?

आई: लहान होतीस. आमची दवाखान्याची पळापळ, तुला कोण बघणार?

मोनाली: सातवीत होते मी. दादा, मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या का तुला? ताप उतरल्यावर रोज एक घ्यायची, त्या?

विश्वजीत: आई...

आई: माझ्याकडं काय बघतोस?

विश्वजीत: दिल्या होत्या. दोन-तीन दिवसांत लघवी काळी व्हायला लागली, कोकसारखी. उभं ऱ्हाता येईना. आबांनी जीप करून पुण्याला नेलं.

मोनाली: आन् पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं.

विश्वजीत: सांगितलं.

मोनाली: काय?

विश्वजीत: जी-सिक्स-पीडी. ते कमी हाय म्हणाले.

मोनाली: बघ, कसं खटकन आलं तोंडातनं. म्हंजी पाठच हाय तुला.

विश्वजीत: पाठ असणारच ना. कुठल्याबी डॉक्टरकडं गेलो की पैलं तेच सांगावं लागतं.

मोनाली: मी लॅबमध्ये शिकायला होते तवा त्या टेस्टची सॅम्पलं पुण्याला पाठवायची रे! लोकांच्या बाटल्यांवर नावं लिहायची, बर्फात ठेवून पॅक करायची. परीक्षेला प्रश्न आलता त्याच्यावर. घरी येऊन तुझ्यापुढंच पाठ करत बसले होते मी. तू समोर कणीस खात बसला होतास. एका शब्दानं बोलला न्हाईस.

विश्वजीत: मला वाटलं, आईनं सांगितलं असंल.

मोनाली: खरंच वाटलं?

विश्वजीत: न्हाई. शपथ घातली होती आईनं.

आई: घातली! मीच घातली. त्याला बोलू नको, काय बोलायचं ते मला बोल. आन् मी सांगितलंच न्हाई असं न्हाई हं मोने. बाळाला घेऊन निघालीस तवा दारात काय म्हणाले होते मी? तिकडच्या पेटीतलं कापड त्याच्या अंगाला लावू नको, माझंच घाल. होतं का न्हाई सांगितलं?

मोनाली: सांगितलं होतंस.

आई: मग?

मोनाली: मला काय वाटलं ठाऊक हाय? आईचा तोरा. मी दिलेल्या बाळंतविड्यापुढं सासरचं जुनं-पुराणं कशाला, असं म्हणती म्हणून वाटलं. जीपमध्ये हसले पण तुला. त्यांच्या घरात रीत हाय आई. पोर पहिल्यांदा घरी आलं की त्याला बापाची कुंची घालून देवापुढं ठेवत्यात. ह्यांची कुंची सासूबाईंनी एवढी वर्षं ट्रंकेत जपलीय. दर दिवाळीला जुन्या डांबरगोळ्या काढून नव्या टाकायच्या.

आई: आई गं.

मोनाली: बाळाला तेल चोळलं, न्हाऊ घातलं, आन् कुंची, झबलं, दुपटं, सगळं त्या ट्रंकेतलं. वास येत होता. मी म्हटलं, घटकाभर उन्हात टाकूया का. त्या म्हणाल्या, देवाच्या पाया पाडून लगेच काढू. तुझं बोलणं आठवलं मला तवा. आन् मनात म्हटलं, आईचं काय, तिला तर सगळ्यातच खोड काढायची असती. सासूबाईंचं मन कशाला मोडा? कुंचीच्या नाड्या मी बांधल्या आई. माझ्या हातानं. मग बाळ गाढ झोपलं म्हणून कुणी काढलीच न्हाई. दुसऱ्या दिवशीपण तीच होती अंगात.

आई: मी सांगितलेलं ऐकलं असतंस तर...

मोनाली: कापडाचं सांगितलंस गं! रक्ताचं कुठं सांगितलंस? घालू नको म्हणालीस, का घालू नको ते पोटात ठिवलंस.

आई: आम्हाला काय कळतंय त्यातलं? डॉक्टर सारं विंग्रजीत बोलला.

विश्वजीत: आई, मराठीत बोलले होते. मी तिथंच पलंगावर होतो.

आई: मराठीत असंल न्हाईतर कशात असंल. रगतातलं आपल्याला काय समजणार?

मोनाली: समजंल असं सांगते मी. बस इथं. बस म्हणते ना! तांबड्या पेशीत एक एन्झाइम असतं, त्याचं हे नाव. पेशीला साखर मिळती, त्यातली थोडी हे बाजूला वळवतं आन् तिच्यातनं पेशीची राखण करायचं सामान तयार करून देतं. बाहेरनं काही जहरी आलं, गोळीतलं म्हण, डांबरगोळीतलं म्हण, तर त्या राखणीवर पेशी तग धरती. ती नसली की फुटती. फुटली की आतलं तांबडं लघवीतनं जातं, आन् डोळे पिवळे पडतात.

आई: विश्वाचे हळदीसारखे झालते.

मोनाली: बाळाचे पण तसेच. आता ते बनलंय कसं ते ऐक. एक लांबच्या लांब माळ असती, पाचशेच्या वर मणी. ती माळ आपली आपण घडी होऊन गठ्ठा होती. तसे दोन गठ्ठे एकमेकाला घट्ट धरून बसले तरच काम चालतं. सुटे झाले की काही उपयोग न्हाई. आपल्यात त्या माळेतला एक मणी बदललाय. एकच. तेवढ्यानं घडी ढिली बसती आन् ते लवकर मोडतं.

विश्वजीत: मोडलं तर पेशी नवीन बनवंल की.

मोनाली: तांबड्या पेशीला न्हाई बनवता येत दादा. तयार होताना जे मिळालं त्याच्यावरच तिला सगळा जन्म काढायचा असतो.

आई: आन् हे माझ्याकडनं आलं?

मोनाली: तुझ्याकडनं दादाला, तुझ्याकडनं मला, माझ्याकडनं बाळाला. बाईकडं त्याच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेती, म्हणून तुला-मला काही झालं न्हाई. पोरग्याला एकच मिळती, आईकडनं. तीच बिघडलेली आली की झालं. यात तुझा काही गुन्हा न्हाई आई. मी त्याच्यासाठी आलेच न्हाई.

आई: मग कशासाठी आलीस?

मोनाली: तुला ठाऊक होतं का, ते विचारायला. माझ्या पोराला हे होऊ शकतं, हे तुला ठाऊक होतं का?

आई: एवढं कोण इचार करतं?

मोनाली: दादा?

विश्वजीत: डॉक्टर म्हणाले होते... तुम्हाला मुलगी हाय ना, तिलापण सांगून ठेवा. पुढं तिच्या मुलांना होऊ शकतं. आबा बाहेर गेलते, औषधं आणायला. आई होती.

आई: लई आठवतंय रं तुला!

विश्वजीत: विसरायचं कसं? मी घरी आलो त्या दिवशी तू सगळ्या पेट्या उचकल्यास. डांबरगोळ्या नेऊन लांब खड्ड्यात पुरल्यास. तवापास्नं कपड्यांत कडुनिंबाचा पाला घालतीस.

मोनाली: मला म्हणायची, दादाला त्या वासानं मळमळतं. मी तेच धरून बसले. सुषमावहिनी नवी नवरी म्हणून आली, तवा तिनं कपाटात टाकल्या होत्या त्या. तू किती ओरडली होतीस तिला! मला वाईट वाटलं होतं तिचं. एका वासापायी एवढं बोलावं का म्हणून.

विश्वजीत: मग तिला सांगावंच लागलं.

मोनाली: काय सांगावं लागलं?

विश्वजीत: हेच. माझं सगळं.

मोनाली: वहिनीला ठाऊक हाय?

विश्वजीत: बायको हाय माझी मोने. तिला न्हाई सांगायचं तर कुणाला?

मोनाली: म्हंजी परक्या घरनं आलेल्या पोरीला पहिल्या महिन्यात सांगितलं, आन् मला न्हाई.

आई: ती या घरात ऱ्हाणार होती. तू दुसऱ्याच्या घरी जाणार होतीस. तिथं कुणाच्या पुढ्यात तुझ्या तोंडातनं निघून गेलं असतं तर?

मोनाली: काय झालं असतं?

आई: काय झालं असतं ते बघितलंय मी! केंदूरचं स्थळ आलतं तुला, आठवतं का? पोरगा इंजिनिअर, दोन भाऊ, पाण्याखालची जमीन. तुझ्या आबांनी सरळपणानं सांगितलं त्यांना विश्वाचं. म्हणाले, पाहुण्यांपासनं काय लपवायचं? चौथ्या दिवशी निरोप आला. पोरीच्या रगतात खोट हाय म्हणाले. खोट! माझ्या पोरीला! जनावर बघायला आल्यासारखं बोलले. तवाच मी ठरवलं, आता हे या घराच्या भाईर जाणार न्हाई.

मोनाली: मला सांगितलं होतंस, पत्रिका जुळली न्हाई.

आई: मग काय सांगणार होते?

मोनाली: बरं झालं. केंदूरच्या लोकांना ठाऊक, वहिनीला ठाऊक, दादाला, आबांना, तुला. ज्या एका बाईच्या पोटी पोर येणार होतं तिला तेवढं न्हाई. केसानं गळा कापलात गं माझा सगळ्यांनी मिळून.

आई: असं बोलू नको. तुझ्या भल्यासाठी केलं.

मोनाली: लग्न झाल्यावर सांगायचं होतंस. पोटुशी होते तवा सांगायचं होतंस. इथंच बाळंत झाले मी, सव्वा महिना याच घरात झोपले. रोज बाळाला तू न्हाऊ घालायचीस. एकदा तरी वाटलं न्हाई?

आई: रोज वाटायचं. रोज त्याच्या डोळ्यांत बघायची मी, पिवळं हाय का. ते न्हाई दिसलं की वाटायचं, सुटलं पोरगं, आता कशाला बोला. सगळ्याच पोरांना होत न्हाई म्हणाला होता डॉक्टर.

मोनाली: आन् त्या संध्याकाळी? मी पहिला फोन तुला केला आई. ह्यांना पण नंतर केला. दुपट्यावर चहासारखा डाग पडलाय म्हटलं, बाळ मलूल झालंय म्हटलं. तू काय म्हणालीस?

आई: काय म्हणाले?

मोनाली: ऊन लागलं असंल, दृष्ट काढ म्हणालीस.

आई: तू फोन स्पीकरवर टाकला होतास. विहीणबाईंचा आवाज येत होता मागनं.

मोनाली: म्हंजी?

आई: म्हंजी काय सांगू? त्या ऐकत होत्या गं! त्यांच्या म्होरं कसं बोलणार? मी ठेवला फोन आन् मागनं पुन्हा लावला. दोनदा लावला. तू उचलला न्हाईस.

मोनाली: बाळ रडत होतं. मी दृष्ट काढत होते.

विश्वजीत: आई, तू तवाच ओळखलं होतंस?

आई: चहासारखा म्हणाली तवाच कळलं मला.

विश्वजीत: मला उठवायचं ना! मी गेलो असतो गाडी घेऊन. हिच्या सासरी, तळेगावला जायला किती वेळ लागतो?

आई: उठवलं असतं तर तू तिथं जाऊन सगळं बोलला असतास.

मोनाली: सकाळपर्यंत पांढरं पडलं होतं ते. ओठसुद्धा. शिरूरच्या डॉक्टरांना आधी वाटलं, जंतुसंसर्ग. मग सासूबाईंच्या लुगड्याला डांबरगोळ्यांचा वास आला म्हणून त्यांनी कपड्यांचं विचारलं, आन् रक्त चढवायच्या आधीच त्या टेस्टला सॅम्पल पाठवलं. एक माणूस हुशार निघाला म्हणून वाचलं माझं पोर. तुझ्यामुळं न्हाई.

आई: मोने...

मोनाली: आता माझं काम ऐक. माझ्या सासूबाई त्या दिवसापास्नं वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून हायेत. आत येत न्हाईत. काल नर्सनं बाळ पुढं केलं, आजी घ्या म्हणून, तर दोन्ही हात पदरात लपवले. म्हणतात, या हातांनी मी नातू मारला असता. जेवत न्हाईत. ह्यांनी मला विचारलं, तुमच्याकडं कुणाला होतं का, तुझ्या आईला काही ठाऊक असंल का? मी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, माझी आई ठाऊक असून गप्प बसणारी न्हाई.

आई: लेकराची शपथ कशाला घेतलीस?

मोनाली: खरी वाटली म्हणून! मला शंकासुद्धा आली न्हाई गं. आता तू माझ्याबरोबर चल. त्या बाकड्यावर त्यांच्या शेजारी बस आन् सांग त्यांना, मला ठाऊक होतं, मी सांगितलं न्हाई, तुमची चूक न्हाई. एवढंच.

आई: येते की. नातवाला बघायला मी कधीपासनं म्हणत होते. चल, लुगडं बदलते.

मोनाली: आन् सांगशील?

आई: सांगते ना. आमच्या विश्वालाबी होतं, पर त्याचं असं काही पोराबाळांना होतं हे आम्हा अडाण्यांना कुठलं ठाऊक, असं सांगते. म्हंजी त्यांचंबी मन हलकं होईल आन् तुझंबी काही अडणार न्हाई.

मोनाली: अजून तेच?

आई: अगं, तुला त्या घरात दिवस काढायचेत! खरं सांगितलं तर उद्या कशावरनंबी बोलतील, फसवून दिली म्हणतील. जावई तोंडानं बोलणार न्हाईत, पर मनात धरतील. मी शिव्या खाईन गं, मला त्याचं काही न्हाई.

विश्वजीत: आई, चुकतंय तुझं. मी जाऊन सांगतो.

मोनाली: तू पण आता नको दादा. तुला सांगायला लई वर्षं होती. थांबा. गप्प बसा दोघं.

आई: कुणाला लावतीस फोन? मोने! ठेव तो.

मोनाली: (सासूबाईंना, फोनवर) हॅलो, आत्याबाई. मी मोनाली. कासुर्डीतनं बोलती. बाळ झोपलंय का? बरं. ऐका माझं. जेवलात का? मग ऐका आधी. बाळाला झालं ते रक्तातलं होतं, माझ्याकडनं आलेलं. माझ्या भावाला हाय. व्हय. आईला ठाऊक होतं. आधीपास्नं. तिनं मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं, आन् तुम्ही ती ट्रंक उघडलीसुद्धा नसती. न्हाई. न्हाई आत्याबाई. रडू नका. ह्यांना मी आल्यावर सांगते, माझ्या तोंडानं. व्हय, निघते आता.

आई: काय म्हणाल्या? फसवलं म्हणाल्या का? बोल की!

मोनाली: मग माझ्या हातानं न्हाई ना झालं, म्हणाल्या. तेच दोनदा विचारलं.

आई: आन् आम्हाला?

मोनाली: तुमचं काही विचारलं न्हाई त्यांनी. बाळाला घ्यायला आत निघाल्या.

आई: मी येते तुझ्याबरोबर. तुझ्या शपथेवर, जसं हाय तसं सांगते आता. पाया पडते त्यांच्या.

मोनाली: आता सांगायचं काय राहिलंय? ऱ्हाऊ दे.

आई: नातवाला तर बघू दे.

मोनाली: घरी आणल्यावर कळवीन. आधी फोन कर, मग ये.

आई: फोन करून यायचं? माझ्या लेकीच्या घरी?

विश्वजीत: आई, जाऊ दे तिला. चल मोने, गाडी काढतो, शिरूरपर्यंत सोडतो. मलाबी भाच्याला बघू दे, तोंडसुद्धा बघितलं न्हाई मी त्याचं आजारपणात.

मोनाली: चौफुल्यापर्यंत सोड दादा. तिथनं शिरूरची एसटी मिळती, माझी मी जाईन.